दुखवट्याचं कार्ड

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला नारळ ओवाळणाऱ्या शेजारणींची मी भरपूर थट्टा केलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण लिहिते.

संभाजीनगरातल्या एका जुन्या ग्रंथालयात मी जीर्ण कागद दुरुस्त करते. आमच्याकडे फुटकळ छपाईचा मोठा संग्रह आहे – सिनेमाच्या जाहिराती, जत्रेची पत्रकं, साबणाची वेष्टणं, लग्नपत्रिका. वाचून फेकायचे कागद, कुणीतरी फेकायला विसरलं म्हणून टिकलेले!

मागच्या हिवाळ्यात देणगीत आलेल्या एका पंचांगात दोन तुकडे सापडले. काळ्या चौकटीचं छापील दुखवट्याचं कार्ड – अजिंठ्याकडचे कुणी तुळशीराम वारले, दशक्रियेला यावे. असलं कार्ड दाराबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. हा रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. पण टेबलावर फाटका कागद आला की जोडायचा, एवढंच माझ्या हातांना कळतं. पातळ टिश्यू-कागद आणि गव्हाच्या खळीनं मी ते जोडलं, कपाटात वजनाखाली ठेवलं. आमचे ग्रंथपाल शेखसर, त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

सकाळी बघते तर कार्ड फाटलेलं. नुसती खळ सुटली असती तर समजू शकले असते – पण नवा टिश्यूसुद्धा फाटला होता, जुन्याच रेषेवर.

"चाबी तो मेरे पासच थी, मॅडम," शेखसर म्हणाले.

मी चिडले. जाड टिश्यू घेऊन पुन्हा जोडलं. या वेळी ते टिकलं आणि मी खूश झाले.

तेव्हा माझे वडील, अण्णा, पुंडलिकनगरच्या घरी अंथरुणाला खिळलेले होते. सगळं आयुष्य लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याची पोती मोजण्यात गेलं. आता दोन पावलं चालले तरी दम लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना झोप मिळाली नाही तर हृदय साथ देणार नाही. आणि कार्ड टिकलं त्या दिवसापासून अण्णांची झोपच उडाली. सारखे दाराकडे बघत राहायचे. गोळ्या बदलल्या, काही फरक नाही. मी फार घाबरले होते.

एका संध्याकाळी मी चहा पाजताना ते म्हणाले, "त्याला आत तरी घे, नाय तर जाऊ तरी दे."

"कुणाला, अण्णा?"

"तुळशीराम. चपला हातात धरून कवाचा उभाय दारात. लई थकलाय. म्हणतोय, माझं कार्ड कुणी फाडंना."

मी कप खाली ठेवला. घरी मी त्या कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं!

"तुमच्या ओळखीचा आहे का?"

"नाय गं बाई. पण त्यो असा उभा असताना मला तरी झोप कशी यावी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड घेऊन मी ग्रंथालयाच्या पायरीवर गेले. इतक्या वर्षांत मी एकही कागद फाडलेला नाही; किराण्याचं बिलसुद्धा माझ्याच्यानं फाडवत नाही. नाव मोठ्यानं वाचलं आणि फाडलं. शेखसर दारातच होते. त्यांनी बघितलं, आणि मान दुसरीकडे वळवली.

घरी आले तर वहिनी तोंडावर बोट ठेवून बाहेर आली. "सकाळी 'गेला बिचारा' म्हणाले अन् झोपले. घोरतायत बघा." मी तिथंच बसून रडले.

भाऊ म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मोंढ्यात अण्णांना कितीतरी तुळशीराम भेटले असतील. असतील. पण कार्डाचं त्यांना कुणी सांगितलं? कुलूपबंद कपाटात ते फाटलं कसं?

अण्णा उन्हाळ्यात गेले, झोपेतच. भावानं दशक्रियेची कार्डं छापली. शेखसरांनी संकोचत विचारलं, "मॅडम, संग्रहासाठी एक..?"

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून अण्णांचं नाव वाचलं आणि कार्ड फाडलं. ते दोन तुकडे पाकिटात घालून संग्रहाला दिले. वर पेन्सिलनं लिहिलं – जोडू नये.

आजही ते पाकीट समोर आलं की माझा हात खळीकडे जातो. मी तो मागे घेते. अण्णांचे गुडघे फार दुखायचे... कुणाच्या दारात त्यांना ताटकळत उभं राहावं लागू नये.