जाड पायांच्या माश्या

बीडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. लिंबागणेशकडच्या एका तळ्याच्या काठावरून बारीक काळ्या माश्या आणून मी त्यांचं वर्गीकरण करत होते. सगळ्या एकाच प्रजातीच्या आहेत, असं मी धरून चालले होते.

एके दुपारी आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा माझी एक बाटली उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, ह्या दोन येगळ्या हायेत. पुढचे पाय बगा, लई जाड हायेत, पैलवानाच्या दंडावानी."

"मामा, तुम्ही बाटल्या धुवा," मी म्हणाले.

ते घरी गेल्यावर मी त्या दोन माश्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पुढच्या मांड्या फुगीर होत्या, आतून बारीक काटे होते. भक्ष्य पकडणाऱ्या माशीचे पाय! ही प्रजातीच निराळी होती. मी गुपचूप बाटलीवरची नावाची चिठ्ठी बदलली.

पुढच्या आठवड्यात माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक आले. पाहून खूश झाले. "या वेगळ्या कोणी काढल्या?"

"मी, सर."

मामा तिथेच नळाखाली बाटल्या विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त नळ जरा मोठा सोडला. मी सरांपुढे पुढची बाटली ठेवली.

माश्यांवरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आभारात मी नवऱ्याचंही नाव घातलं होतं, मामांचं नाही. ते निवृत्त होऊन चौसाळ्याला गेले. तिथून मी कितीदा तरी गेले आहे, पण गाडी थांबवलेली नाही.