डॉक्टरकाकांची तपासणी

उघड्या रेडिओला हात लावताना डॉक्टरकाका डावा हात पँटच्या खिशात ठेवत. "दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो. जन्मभर लोकांना भूल दिली, आता स्वतः झोपायची घाई नाही," म्हणत. लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. होते ते जुने व्हॉल्व्हचे रेडिओ.

आमची ओळख मी खाल्लेल्या ओरड्याने झाली. कार बूट सेलमधून, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारातून, आणलेला रेडिओ दाखवायला मी त्यांच्याकडे गेलो आणि थेट सॉकेटला लावायला निघालो होतो. "अरे, मारतोस की काय त्याला?" त्यांनी फळीवर एक साधा बल्ब बसवला होता. वीज आधी त्या बल्बमधून जायची, मग रेडिओत. बल्ब भगभगून पेटला की आत शॉर्ट आहे समजायचं आणि बटण बंद करायचं. आयटीत दहा वर्षं काढलेल्या मला ही अक्कल त्या दिवशी आली.

वीज मोजायच्या मीटरचं तर त्यांना सोवळंच होतं. रेडिओला लावण्याआधी ते तो दर वेळी नव्या बॅटरीवर तपासून बघत. "काल बरोबर दाखवत होता की," मी म्हणायचो. "काल दाखवत होता. तपासणाऱ्याला आधी तपासावं."

रेडिओ सुरू झाला की विचारत, "आवाज कसा आहे? वर बघून सांग." मी फोनमधून मान वर काढून सांगायचो, "छान." मग ते मागचं झाकण स्क्रूने बंद करत. वर बघून सांगायला लावणं ही मला त्यांची मास्तरकी वाटे.

मार्चमध्ये काका झोपेतच गेले. काही दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. काकूंच्या वाढदिवसासाठी काकांनी दुरुस्त केलेला शेवटचा रेडिओ त्यांनी लावला. बातम्या चालू होत्या, पण त्यांवर इतकी घरघर होती की एक शब्द कळेना.

"काकांनी असा कसा दिला?" मी विचारलं.

"त्यांना कुठे ऐकू येत होतं? माणसांचं ओठांवरून कळायचं, रेडिओचं काहीच नाही. कानाचं मशीन लावायला तयार नव्हते, कुणाला सांगूही देत नव्हते." काकू शांतपणे म्हणाल्या, "तू छान म्हणालास, म्हणून खूश होते रे."

मी हबकलो. हा रेडिओ सुरू झाला तो शनिवार मला लख्ख आठवत होता. मी ऑफिसच्या मेसेजला उत्तर देत होतो. रेडिओ ऐकलाच नव्हता.

टेबलावर काकांचा मीटर होता, शेजारी तो तपासायची बॅटरी. इतकी वर्षं काकांनी मला मात्र एकदाही तपासलं नव्हतं.