मेणाच्या मुंडावळ्या

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीतच सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. पण ताईंबद्दल लिहायचंच आहे, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या नवरीमुलींवर इतकी माया करणारी बाई अख्ख्या कतारमध्ये दुसरी नसेल.

बिन महमूद वस्तीतल्या त्यांच्या घरी मी स्वयंपाक करते. साहेब रास लफानच्या गॅस कारखान्यात इंजिनियर, आणि ताईंचा जीव राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लग्नांच्या आठवणींत. लेसचा एकच हातमोजा, लग्नाच्या केकचा तुकडा ठेवायची चांदीची डबी, नाव-तारीख कोरलेली लॉकेटं, सगळं विलायतेहून मागवलेलं. लॉकेटवरची तारीख आली की हुकूम सुटे, "सुमन, आज एमिलीच्या लग्नाचा वाढदिवस. शिरा कर." साहेब विचारायचे, "आणि आपला कधी असतो?" "तो तुम्ही लक्षात ठेवायचा," म्हणत ताई पहिली वाटी एमिलीच्या लॉकेटपुढे ठेवायच्या.

सगळ्यांत लाडका काचेच्या घुमटाखालचा मेणाच्या संत्रीफुलांचा मुकुट. "या त्या नवरीमुलींच्या मुंडावळ्या गं," ताईंनीच सांगितलेलं. एकदा त्या बाहेर गेल्या असताना कपाटाला कुबट वास आला. आमच्याकडे भाद्रपदात ठेवणीतल्या शालूंना ऊन दाखवतात. मी सगळं बाल्कनीत मांडलं, घुमट काढून मुकुटही. इथलं ऊन ते! भाजी फोडणीला टाकून येते तो फुलांचं पिठलं झालेलं.

नोकरी गेली असं धरूनच मी रडत बसले. ताई आल्या, त्यांनी त्या मेणाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन दाखवलंस होय? जपायलाच गेलीस की."

"पगारातून कापून घ्या, ताई."

"वेडी आहेस का!"

"फुकट माफ केलंत तर मला या घरात मान वर करता येणार नाही." एवढं लांब वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले.

ताई म्हणाल्या, "बरं. आठशे रियाल. महिन्याला शंभर, एक तारखेला. उशीर चालणार नाही."

साहेब म्हणाले, "अगं, तिच्याकडून कसले पैसे घेतेस?"

"तुम्ही मधे पडू नका."

पाहुण्यांनी रिकाम्या घुमटाचं विचारलं, की मात्र ताई सांगायच्या, "माझ्याच वेंधळेपणानं वितळला." दर एक तारखेला मला खुर्चीवर बसवून स्वतः चहा करायच्या, आणि एकेका नवरीची गोष्ट सांगायच्या, अर्धीअधिक मनानं रचलेली. मला असं समोर बसवून कुणी कधी गोष्ट सांगितली नव्हती.

काल शेवटचे शंभर दिले. एकच नोट, तरी ताईंनी दोनदा मोजली.

"खलास, सुमन. आता तुझ्याकडून काही येणं नाही."

मी नुसतं "हो" म्हटलं. कपात घोटभर चहा उरला होता, तो संपवावासा वाटेना. पण पैसे पुरते फिटले होते; पुढच्या एक तारखेला काही द्यायचं नव्हतं.