लाल लोकर, निळी लोकर

आमच्या व्याह्यांइतका तुलना करणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांत जास्त कोण हे ताडून पाहायला आमचे व्याहीच आधी निघतील. ते तलवाड्याचे. थोडी शेती, बाकी सगळा जीव मेंढरांत. कोणतीही गोष्ट एकटी बरी किंवा वाईट नसते, शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गेवराईच्या स्टँडवर ते एका टपरीवर चहा घेत नाहीत. इथे अर्धा, तिथे अर्धा, आणि मग दोन्ही टपऱ्यांच्या मधोमध उभे राहून विचार करतात. तेवढ्यात एसटी निघून जाते. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे अशा विचारात पडलेल्यांना मी पुष्कळदा मागे सोडलेलं आहे, त्यात बहुधा हेही असतील. एकदा त्यांनी निम्मी दाढी तलवाड्यात आणि निम्मी दिंद्रुडच्या बाजारात केली. मधला सगळा प्रवास ते निम्म्या दाढीनिशी करून आले आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "इवाई, गाल दाबून बघा. कोणचा मऊ हाय?" मी दोन्ही दाबले. मला काही कळलं नाही.

त्यांच्या चपला तर आमच्या भागात प्रसिद्ध होत्या. उजवी गेवराईची, डावी माजलगावची. कोणती आधी झिजते ते पाहायचं होतं. सोयरिकीच्या वेळी ते माझ्या मुलाला पाहायला आले तेही त्याच चपला घालून. आमच्या घरचं पाणी प्यायले, मग उठून शेजाऱ्याच्या घरचं पाणी पिऊन आले, आणि शेजाऱ्याकडे आमची आणि आमच्याकडे शेजाऱ्याची चौकशी केली. आमची बायको म्हणाली, "ह्या येड्याच्या घरची पोरगी आनायची का?" पण पोरगी आणली, आणि ती लाखात एक निघाली. आई लवकर गेलेली, पाठीला भाऊ-बहीण नाही, आणि बापाचं हे असं. तरी तिचं बोलणं शांत. मला 'मामा' म्हणायची आणि माझ्या चष्म्याची काच पदराने पुसून द्यायची.

आता जी गोष्ट मला नीट सांगायची आहे ती हिच्यापासून सुरू होते. 'तलवाड्याच्या म्हाताऱ्यानं पोरीला मेंढीचं औषध पाजलं आणि तिला दिवस गेले' अशी एक गोष्ट तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या पंगतीत ऐकली असेल. ती खोटी आहे. खरं काय झालं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यातलं निम्मं कळलेलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली आणि मूल होईना. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून आतून पाहिलं, बारीकसा तुकडा तपासायला पाठवला, आणि सांगितलं की गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला जुनी सूज आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळली नाही. पण गर्भ धरत नाही तो बहुधा त्यामुळे. जंतू मारायच्या गोळ्या घ्या, पुन्हा तुकडा तपासू. आमच्याकडे पिशवीचं नाव निघालं की कोणीतरी "काढूनच टाका" म्हणतंच. उसाला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या अशाच काढल्या गेल्या. इथे मात्र पिशवी ठेवायची होती, हे आमच्या लोकांना समजावता समजावता माझा जीव गेला. त्यात मुलाने संभाजीनगरच्या डॉक्टरांनाही दाखवलं. सूज तीच, पण त्यांनी वेगळ्याच गोळ्या लिहिल्या. बीडच्या एकाच जातीच्या, संभाजीनगरच्या दोन जातींच्या मिळून. आम्ही दोन्ही चिठ्ठ्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं घर त्यांच्याकडे बघत बसलं. कोणी म्हणालं मोठ्या शहराच्या घ्या, कोणी म्हणालं जवळच्या घ्या. बायको म्हणाली, "एक सकाळी, एक सांजच्याला."

व्याह्यांना निरोप गेला, आणि ते जणू यासाठीच जन्मले होते असे धावत आले. त्यांच्या कळपात रोग शिरला की निम्म्या मेंढ्यांना एक औषध पाजून पाठीवर लाल रंग लावायचा, उरलेल्यांना दुसरं पाजून निळा, आणि कोणत्या रंगाच्या जास्त उठतात ते बघायचं, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी ते सुनेला आणि मला घेऊन बीडला गेले. दवाखान्याच्या बाकड्यांवर बायका आणि त्यांच्याबरोबरची माणसं बसलेली. व्याह्यांनी खिशातून लाल आणि निळी रंगवलेली लोकर काढली आणि एकेका माणसाला विचारायला सुरुवात केली, "पावनं, तुमच्या मानसाला कोणच्या गोळ्या हायत? एक जात का दोन जात?" गोळ्या पाहून ते त्यांच्या हातातल्या औषधाच्या पिशवीच्या बंदाला लोकर बांधू लागले, एक जात असली तर लाल, दोन असल्या तर निळी. लोकांना वाटलं दवाखान्याचीच काहीतरी पद्धत असेल. एका बाईने दोन्ही रंग मागून घेतले. मी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो होतो आणि सून पदराआड हसत होती. किती दिवसांनी हसत होती ते मी तेव्हा मोजलं नाही. शेवटी वॉचमन ओरडला आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं.

बाईंनी रागावण्याऐवजी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाबा, कळपात कोणत्या मेंढीला लाल आणि कोणत्या मेंढीला निळा, हे कसं ठरवता?"

"कसं म्हंजी? आधी हाताला लागत्यात त्यांना लाल. मागून धरून आनतो त्यांना निळं."

"आधी हाताला कोणत्या लागतात?"

व्याह्यांनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ज्यांना पळता येत न्हाई त्या."

म्हणजे जास्त आजारी. लाल रंगाच्या वाट्याला दर वेळी मरायला टेकलेल्या मेंढ्या यायच्या, आणि ते वर्षानुवर्षं लाल रंगाच्या औषधाला शिव्या देत होते. बाई म्हणाल्या की म्हणूनच मोठ्या दवाखान्यांत अशी तुलना करताना कोणाला कोणती गोळी हे चिठ्ठी टाकून ठरवतात, आणि तशा पुष्कळ बायका लागतात. या सुजेवर दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालतात, कोणती जास्त चांगली याची शंभर टक्के खात्री अजून कोणीच देत नाही. एकीने गेली नाही तर दुसरी देतात.

व्याह्यांनी हातातली उरलेली लोकर गुंडाळली. "पुष्कळ लागत्यात," ते म्हणाले. "माज्याकडं तर एकच हाय, बाई."

बाईंनी सुनेकडे पाहिलं आणि बीडच्या गोळ्या आधी सुरू केल्या. परतताना एसटीत व्याही एकदाच बोलले, "इवाई, डावा पाय मी लई जोरात टाकतो. चपलांचंबी खोटंच हाय सगळं."

गोळ्या संपल्या, तुकडा पुन्हा तपासला, आणि सूज होती तशीच. त्या आठवड्यात माझी बहीण आमच्याकडे येऊन बसली. चौसाळ्याची एक मुलगी तिच्या पाहण्यात होती. "पोराचं वय चाललंय," ती म्हणाली. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. मुलीकडच्यांना किती दिवसांनी निरोप द्यायचा एवढंच विचारलं. हे व्याह्यांच्या कानावर कसं गेलं माहीत नाही. ते आले, ओट्यावर बसले, त्या दिवशी शेजाऱ्याच्या घरचं पाणी प्यायला गेले नाहीत. म्हणाले, "एका औषधानं उठली न्हाई म्हनून मेंढीला लगेच बाजारात नेत न्हाईत, इवाई. दुसरं पाजून तर बघा." आतल्या दाराशी सून उभी होती. तिने ऐकलं, आणि मीही ऐकलं. त्या संध्याकाळी मी बहिणीला चौसाळ्याचं नाव काढू नकोस म्हणून सांगितलं.

संभाजीनगरच्या गोळ्यांनी सूज गेली. पुढे काही महिन्यांनी दिवस गेले आणि आम्हाला नात झाली. कोणत्या गोळीने काम केलं हे व्याह्यांनी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गोळ्यांनी सूज गेली एवढं दिसतं. पहिल्यांनी किती काम करून ठेवलं होतं ते सांगता येणार नाही." व्याही हारांच्या दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी एक हार बीडच्या बाईंना घातला आणि एक घेऊन संभाजीनगरची एसटी पकडली.

यात हसण्यासारखं काही होतं का? पण एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, "काय उपाय केला?" आणि सुनेच्या पिशवीचं चारचौघांत कसं बोलायचं मला सुचेना. चौसाळ्याचं तर तोंडातूनच निघणार नव्हतं. म्हणून मी हसत म्हणालो, "आमच्या इवायानं मेंढीचं औषध पाजलं." पंगत हसली. मी पुढच्या पंगतीतही तेच सांगितलं. नातीच्या जावळाला लोक व्याह्यांना "डॉक्टर आले, डॉक्टर आले" म्हणाले तेव्हाही मी हसलो. मग एक दिवस एक परका माणूस त्यांच्या वाड्यावर मेंढीचं औषध मागायला गेला, स्वतःच्या बायकोसाठी. व्याह्यांनी त्याला हाताला धरून बीडला बाईंकडे नेऊन बसवलं, आणि त्यानंतर ते कुठल्याच कार्याला आले नाहीत.

अलीकडे मी खरी गोष्ट सांगू लागलो, तर लोक मध्येच वरणाची बादली बोलावतात. खऱ्या गोष्टीत हसू कमी आहे. शेवटी मी नातीला घेऊन तलवाड्याला गेलो. व्याह्यांचे गुडघे गेलेत, कळप विकला. पायांत एकाच जोडीच्या चपला होत्या; त्या पाहून मला उगाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मी म्हणालो, "ती औषधाची गोष्ट माझ्यापासून निघाली, इवाई."

"वाटलंच," ते म्हणाले. "कंडक्टरची गोष्ट. म्हनून तर गावोगाव थांबत गेली." मग म्हणाले, "खरी सांगा की आता."

"कुणी ऐकत नाही."

"मग लिवून ठिवा."

तेच हे लिहून ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या अंगणात एकच मेंढी बांधलेली होती, तेवढी त्यांनी ठेवली होती. नात तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "आबा, हिला लाल-निळा रंग कावून न्हाई लावला?"

व्याह्यांनी मेंढीकडे पाहिलं, मग बराच वेळ नातीकडे. "एकच हाय ना, माय," ते म्हणाले. "कुनाशी ताडू?"