तिसरा बेसवाला

मुलीचं लग्न जमावं म्हणून बापाने रजा टाकून गिटार ऐकत बसावं, असं आमच्या खानदानात माझ्याआधी कुणी केलेलं नाही.

आमची सायली तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. तिथेच तिला ऋषिकेश भेटला. मुलगा आमच्या इकडच्या माहीमचा, घरची नारळाची आणि पानवेलीची वाडी, स्वभाव गरीब, व्यसन एकच. फ्रेटलेस बेस गिटार!

"हे काय असतं?" मी विचारलं.

"बाबा, सतारीला पडदे असतात ना, तसे गिटारच्या दांडीवरही असतात. यात ते नसतात. चार जाड तारा आणि सपाट दांडी. बोट सरकवलं की सूर घसरत जातो."

"मग नेमका सूर सापडतो कसा?"

"कानाने."

मी कानाला हात लावून पाहिला. आजवर मी त्याचा उपयोग मुख्यत्वे चष्मा अडकवायला केला होता.

रविवारी ऋषिकेश आणि त्याचे वडील आमच्याकडे बोईसरला जेवायला यायचे होते. सायलीला धास्ती होती ती माझीच. (भाचीला बघायला आलेल्या मुलाला मी तासभर मूळव्याधीवरचे घरगुती उपाय सांगितले होते. तो मुलगा परत आला नाही. त्याला मूळव्याध नव्हती हे मला नंतर कळलं.)

"त्याच्याशी त्याच्या आवडीचं बोला," सायली म्हणाली. "मी तुम्हाला चार मोठे वादक पाठवते. ऐकून ठेवा. आणि बाबा, हे लग्न मला करायचंय. जरा सांभाळून."

तिच्या आवाजात एवढी विनवणी होती की मी ऑफिसातून रजा घेतली. चौघेही परदेशी. नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना नंबर दिले. पहिला, दुसरी (ती बाई होती), तिसरा आणि चौथा. पण फोनवर बेस ऐकूच येईना. नुसता मागचा ड्रमवाला बडवत होता. सायली म्हणाली, त्याला मोठा स्पीकर लागतो. झालं! बेटेगावला माझा मेहुणा हळदी-लग्नाला साउंड लावतो. त्याच्याकडून मी स्पीकरचा एक डबा मागवला. टेम्पोतून उतरवताना बघितलं तर तो आमच्या कपाटापेक्षा उंच.

"ह्यो घरात ठेवनार?" बायकोने विचारलं. ती सातपाटीची आहे. समुद्रावर वाढलेली माणसं वाऱ्याला घाबरत नाहीत आणि नवऱ्याला तर नाहीतच.

"मागच्या खोलीत. कुणाला त्रास होणार नाही."

मागची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि तिच्या बरोबर खाली सोसायटीच्या पंपाची खोली. हे वाक्य मी तेव्हा मनात आणलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी ऐकायला बसलो. पहिल्या दिवशी काही कळेना. दुसऱ्या दिवशी कान उघडला आणि मी हरखून गेलो. पहिला म्हणजे मऊ गुरगुट्या भात. दुसरी एक सूर असा ओढत न्यायची, की आता ही पडणार असं वाटावं आणि तिने अलगद जागेवर येऊन टेकावं. चौथा फार घाईत होता, त्याला बहुतेक कुठेतरी जायचं असावं. पण तिसरा! तिसरा वेगळाच होता. आधी थोडं काहीतरी साधंसं वाजवायचा, थांबायचा आणि मग शेवटी एकच खोल सूर धरून घुमत राहायचा. मध्येच त्या सुरात एक खरखर यायची, म्हाताऱ्याचा गळा दाटून यावा तशी. मी डोळे मिटून ऐकायचो. एका संध्याकाळी तर मला रडू आलं.

"कांदा चिरत होते काय?" बायकोने विचारलं.

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. कलेची गोडी लागली की माणूस बायकोशी असंच बोलू लागतो.

इकडे सोसायटीत वेगळीच गडबड सुरू झाली होती. तळमजल्यावर घरतकाका राहतात. जन्मभर कारखान्यात मेंटेनन्सला होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. त्यांनी एका संध्याकाळी टाकी भरायला सुरू केलेल्या पंपाला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि जाहीर केलं, "बेअरिंग जायला आलंय."

हे इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन त्यांच्या दारात धावत आला.

"काका, बंद मोटर गा रहा है!"

काकांनी बंद पंपाला स्क्रू ड्रायव्हर लावला. पंप घुमत होता. भिंतीला लावला. भिंत घुमत होती. मग त्यांनी वॉचमनच्या खुर्चीला लावला, तीही घुमत होती. (वर मी दुसरी लावली होती, आवाज पूर्ण वाढवून.)

"वायरिंगमधनं करंट परत येतो हाय," काका म्हणाले. "मेन बंद करा."

मेन बंद केला. अख्ख्या इमारतीचे पंखे थांबले आणि आवाजही थांबला. मग काय, पुरावाच मिळाला! मी मात्र वर वीज मंडळाला नावं ठेवत घामाघूम बसलो होतो. संगीताची जरा तंद्री लागली की हे लोक वीज घालवतात.

शनिवारी सकाळी पंप खोलून अंगणात वर्तमानपत्रावर मांडला. मला पत्ता नव्हता. मी खिडकी लावून चौथ्याला आणखी एक संधी देत होतो. खाली सगळी सोसायटी त्या सुट्या भागांभोवती उभी होती आणि आवाज येतच होता! पंपाचे तुकडे झाले तरी पंप गात होता. एका मावशींनी पंपातल्या पात्यांच्या चाकाला हळदकुंकू वाहिलं.

बायको पाणी का नाही म्हणून खिडकीत गेली. तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग चालत गेली आणि डब्याचं बटण बंद केलं.

खालची सगळी डोकी एकदम वर झाली.

"उद्या पावनं येतात," बायको म्हणाली. "नळाला पानी नाय. जावा खाली आनि सांगा."

मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसेना, म्हणून पंधरावीस माणसं मागच्या खोलीत घेऊन मी तिसऱ्याला लावलं.

घरतकाकांनी डब्याला स्क्रू ड्रायव्हर लावला. बराच वेळ ऐकलं.

"बेअरिंग," ते म्हणाले.

"काका, हा परदेशातला फार मोठा कलाकार आहे."

"असंल. मंग त्याचं बेअरिंग गेलंय."

मी त्यांना समजावलं की पंप धडधाकट आहे, जो आवाज येत होता तो माझाच, बेअरिंग बदलायची काही गरज नाही, पंप होता तसा बसवून टाका, माझ्या शब्दावर. "संध्याकाळचा आवाज निराळा व्हता," काका म्हणाले, पण रविवार तोंडावर होता आणि बाकीच्यांना आंघोळी करायच्या होत्या. पंप होता तसा बसवला गेला. काका रागावून घरात जाऊन बसले.

रविवारी पाहुणे आले. ऋषिकेश खरोखरच गरीब होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे राऊतांनी, वाडीतल्या शहाळ्यांचं पोतं आणलं होतं. जेवायला बसायला उशीरच झाला, संध्याकाळ होत आली होती. बायकोने सुरमईचं कालवण असं केलं होतं की सगळ्यांनी आधी एकेक वाटी रिकामी केली. मग मी घसा साफ केला.

"ती बाई सूर ओढते ना, तेव्हा पडेल असं वाटतं. पण पडत नाही."

ऋषिकेशचा घास हातात राहिला. "काका, तुमी ऐकलंय तिला?"

सायली माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा एवढा उजळला होता की मला वाटलं, रजेचं सोनं झालं.

"तुमाला बरं कळतं यातलं," राऊत म्हणाले. "यानं ती गिटार आनली तवा मी दुकानदाराशी भांडून आलो. म्हटलं पडदे कुठं गेले? पोराला फसवता काय?"

"आणि काका, सगळ्यांत आवडला कोण?" ऋषिकेशने विचारलं.

"तिसरा. शेवटी तो एकच सूर धरून घुमतो ना, आणि त्यात ती खरखर येते. मी रडलो."

"शेवटी?" तो विचारात पडला. "शेवटी तर तो गपचूप थांबतो."

"थांबतो, आणि मग पुन्हा येतो. नीट ऐक कधीतरी."

हे मी होणाऱ्या जावयाला सांगत होतो, जो ते आठ वर्षं वाजवत होता! सायलीने मला डोळ्यांनी खुणावलं. पण मी आता थांबणाऱ्यातला नव्हतो. उष्ट्या हाताने उठलो, सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं आणि डाव्या हाताने तिसरा लावला. तो वाजला. थांबला. शांतता.

"संपलं, काका," ऋषिकेश म्हणाला.

"थांब रे. अजून आहे."

आम्ही पाचही जण उष्टे हात धरून त्या डब्यासमोर उभे राहिलो. राऊत नम्रपणे डब्याकडे बघत होते. आणि अचानक तो आला! तोच खोल सूर. मी डोळे मिटले.

"ऐक," मी म्हणालो. "आता खरखर येईल."

खरखर आली. ऋषिकेश हळूच खाली वाकला आणि त्याने फरशीला कान लावला.

"काका," तो फार अदबीने म्हणाला, "हे खालनं येतंय."

त्याच क्षणी सूर चिरकला, एक मोठा खडखडाट झाला आणि सगळं थंड झालं. अंगणातून घरतकाकांचा आवाज आला. त्यात एवढं समाधान मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"गेलं बेअरिंग!"

टाकी कोरडी, नळाला थेंब नाही आणि सगळ्यांच्या हातांना सुरमईचं कालवण. सायली रडायच्या बेतात होती. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण खालीच पंपाची खोली असल्यामुळे तीही सोय नव्हती.  राऊतांनी पोत्यातलं शहाळं काढलं, आमच्या कोयत्याने छाटलं आणि पहिली धार माझ्या हातावर धरली.

"चोळा," ते म्हणाले. "आनि पोरीला सांगा, रडू नको. आमच्याकडं पानी हाय."

अशा रीतीने आमच्या सायलीचं लग्न ठरलं. ऋषिकेश तोवर खाली जाऊन घरतकाकांच्या हाताखाली पंप खोलत होता, आणि काकांनी त्याच्या कानाला पहिला नंबर दिला.

आता लग्न होऊन वर्ष झालं. जावई मला दर महिन्याला नवे नवे फ्रेटलेस वादक पाठवतो आणि मी मन लावून ऐकतो. सगळे थोर आहेत, वादच नाही. पण नवं बेअरिंग बसवल्यापासून आमचा पंप एकदम मुका चालतो, आणि खरं सांगायचं तर त्या जुन्या बेअरिंगची सर मला अजून कुणालाच आलेली दिसत नाही.