बागेतल्या दोन दगडांना लावलेला रंग

शिल्पकलेविषयी लिहिण्याइतकी माझी समज नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझा विषय अर्थशास्त्र. ज्यांना यातलं कळतं त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. पण त्या दोन दगडांचं जे झालं ते मी जवळून पाहिलंय, आणि ते मनातून जात नाही. म्हणून भीत भीत लिहितोय.

नगरला मी ज्या कॉलेजात होतो तिथे दोन इमारती आहेत. एक जुनी, काळ्या दगडाची, कमानींची. तिच्यासमोर नवी, सगळी काच आणि सिमेंट. मध्ये बाग. बागेचं काम माझ्या चुलत्यांकडे होतं. मी त्यांना नाना म्हणतो, कॉलेजातले सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिकायला मी भिंगारला त्यांच्याच घरी होतो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने श्रीरामपूरच्या एका शिल्पकार ताईंना बागेसाठी काम करायला बोलावलं. त्यांनी माणसाहून उंच असे दोन काळे दगड आणले आणि डोक्याला रुमाल बांधून स्वतः छिन्नी चालवायला लागल्या. दोन्ही दगडांच्या आतल्या कडेला त्यांनी अर्ध्या अर्ध्या कमानीचं वळण कोरलं. मध्ये हातभर फट ठेवली. आम्ही पोरं हसायचो. कोणी म्हणे, "चौकट उभी केली, दार विसरल्या वाटतं."

एकदा मी नानांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा ताईंनी मला नव्या इमारतीसमोरच्या बाकाजवळ उभं केलं. "इथून बघ."

मी पाहिलं. दगडांची वळणं आणि मागच्या जुन्या इमारतीची कमान एकात एक बसली होती. मग त्यांनी मला मागे वळायला सांगितलं. नव्या इमारतीच्या काचेत ते दोन दगड आणि त्यांच्यामागची जुनी इमारत, सगळं एकत्र दिसत होतं.

"ही नवी इमारत जुनीकडे बघतच नव्हती," त्या म्हणाल्या. "आता बघावं लागतं तिला."

वर्गात मी पुष्कळदा न कळताच मान हलवायचो. त्या दिवशी मात्र खरंच कळलं म्हणून हलवली. दोन इमारतींच्या मध्ये उभं राहून दोघींनाही धरून ठेवणारं काहीतरी असू शकतं, हे मला माझ्यासाठीच कोणी सांगितल्यासारखं वाटलं.

काम संपल्यावर ताईंनी नानांना बजावलं, "मामा, याला काही लावायचं नाही. पाऊस लागू दे, शेवाळ धरू दे. हळूहळू हा दगड त्या जुन्या भिंतीसारखा होईल."

"व्हय ताई," नाना म्हणाले.

नाना खोटं बोलले नाहीत. पण त्यांची तरुणपणातली वर्षं भिंगारच्या लष्करी छावणीत रोजंदारीवर गेली होती. तिथे मोठा साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू, त्यावर चुन्याचा पट्टा, रस्त्याकडेच्या दगडांना चुना. रंग नाही म्हणजे त्या वस्तूला कोणी वाली नाही, असं ते मानायचे.

पुढच्या हिवाळ्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती. ऑफिसातले क्लार्क बागेत येऊन म्हणाले, "मामा, एक दगड उघडा दिसता कामा नये." त्यांच्या मनात वाफ्यांच्या कडेचे दगड होते. मी तेव्हा सुट्टीला सोनईला, आमच्या घरी गेलो होतो. परत आलो तर ताईंचे दोन्ही दगड खाली गेरूच्या रंगाचे, वर पांढरेशुभ्र, आणि मध्ये काळा पट्टा.

"नाना, हे काय केलं?"

"का? लई झ्याक दिसतंय की. ताईंचं काम हाय म्हनून चुना न्हाई लावला, पावसात गेला असता. पक्का ऑईलपेंट हाय."

मागून एक पोरगा ओरडला, "मामा, नगर किती किलोमीटर तेबी लिवा की त्याच्यावर!" सगळे हसले. नानाही हसले.

मी बाकाजवळ जाऊन उभा राहिलो. कमान जुळत नव्हती. नजर त्या काळ्या पट्ट्यावर अडत होती, पुढे जातच नव्हती. मी नानांना तिथे आणून दाखवलं. ते बघत राहिले आणि मग पाण्याच्या पाईपकडे गेले.

समितीने त्या दगडांसमोर फोटो काढून घेतला. समिती गेल्यावर, रंगाचं कळून ताई आल्या. तेव्हा नाना थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन दगड घासत होते. ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नको मामा. छिन्नीचे घाव झिजून चाललेत त्याने."

"निगंल ताई. आजच्या आज काढतो सगळा."

"वरचा निघेल. आत मुरलाय त्याचं काय? तो काढायचा तर अख्खं तोंड पुन्हा कोरायला लागेल. आणि कोरलं की ती कमान जुळणार नाही."

"मंग?"

"माहीत नाही. ठेवायचे की न्यायचे, विचार करून कळवते."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर नानांना सोसलं असतं, त्यांना सवय होती. त्या नुसत्या दगडावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

त्यानंतर नानांनी त्या वाटेने जाणं सोडलं. जेवताना मधेच विचारायचे, "काई कळलं का रं?" दगड राहावेत एवढंच त्यांना हवं होतं. राहिले तर ताईंनी माफ केलं, असा त्यांचा हिशेब होता. मला ताईंचं दुःख कळत होतं, आणि नानांनी दगडाला रंग फासला तो मायेपोटी, हेही कळत होतं. ताईंना तसं कळवावं म्हणून मी मोबाईलवर मेसेज लिहायचो आणि पुसून टाकायचो. त्यांच्या कामापुढे आमची माया ती काय, असं वाटायचं.

मग मी एम. ए. करायला पुण्याला आलो. फोनवर नाना जेवणाचं विचारायचे, मी ताईंच्या निरोपाचं विचारायचो. उत्तर एकच, "न्हाई अजून."

गेल्या आठवड्यात भर दुपारी त्यांचा फोन आला.

"नेलं रं."

"काय नेलं?"

"दगड. ताईनं क्रेन आनली हुती. श्रीरामपूरला नेलं. परत हितं बसवायचं न्हाई म्हनाली."

"तुम्ही भेटलात का त्यांना?"



"मी पंपाच्या खोलीत हुतो, आतनं कडी लावून. ताई इचारत हुती म्हनं, मामा कुठं हायेत म्हनून. मी भाईर आलो तवर गाडी गेटाच्या भाईर गेल्ती."