दोन तोंडांनी वाचलेला कागद

माझ्या मावशीइतका कागदावर अविश्वास असलेलं माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचं नाही, आणि हे मी कौतुकानं लिहिते आहे. बाप गेल्यावर आई, मावशी आणि मी अकोल्यात एका टिनाच्या खोलीत राहायचो. दोघींच्या डाळ मिलच्या रोजावर चूल पेटायची, त्यातून उरलं तर माझी वही यायची. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण तिला कागदावरून फसवायची कुणाची टाप नव्हती. कुठलाही कागद ती दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायची. दोघांचं जुळलं तरच खरा. विजेचं बिल असो की खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल, सगळ्यांना हाच न्याय. एकदा शेजारच्या गुरुजींनी लग्नपत्रिका वाचताना 'सहकुटुंब' गाळलं आणि माझ्या वाचण्यात ते आलं, तर हिनं गुरुजींना जेवणावरून उठवून आणलं. मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली, तेव्हा माझी मार्कशीटसुद्धा तिनं आधी माझ्याकडून, मग किराणावाल्याकडून वाचून घेतली आणि नंतरच पेढा तोंडात टाकला.

मी अमरावतीला नोकरीला लागले त्याच वर्षी मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात तिचा उजवा हात गेला. मी पोचले तेव्हा मुकादमानं तिला सरकारी दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडांबरोबर शिराही तुटल्यात. अमरावतीला मोठं ऑपरेशन लागेल, पंधरा दिवसांत झालं नाही तर मूठ पुन्हा वळणार नाही. मुकादमानं मला बाजूला घेऊन समजावलं की कामावर लागलं म्हटलं तर पोलीस, चौकशी, नुसता उशीर. घरी पडली म्हणा, बाकी सेठ पाहून घेतील. कामावर लागलं तर इलाज मालकाच्या खर्चानं व्हायचा असतो, एवढं मला कॉलेज शिकूनही माहीत नव्हतं. केसपेपर काढताना खिडकीवर मीच सांगितलं, घरी पडली.

मावशीनं स्ट्रेचरवरूनच डावा हात पुढे केला. "वाच." मी वाचलं, मशीनमध्ये हात गेला. तिनं मान हलवली आणि पट्टी बांधणाऱ्या भाऊला हाक मारली. त्या बिचाऱ्यानं जे होतं तेच वाचलं, घरी पडली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग मुकादमाकडे वळली.

"हात मशीननं खाल्ला, अन् नाव माह्या घराचं काहून लावता वो?"

"मावशी, जिद नका करू. सेठ नाराज होईन."

"होऊ दे. त्याचे हात शाबूत हायेत ना?"

डॉक्टरांनी ती ओळ खोडून खरं लिहून सही करेपर्यंत तिनं प्लास्टर घालू दिलं नाही. कपाळावर घाम, आणि तशातही नवी ओळ दोघांकडून वाचून घेतली.

सेठनं निरोप पाठवला, आमच्याकडे असा अपघात झालाच नाही. मी कामगार कचेरीत अर्ज दिला, आणि मावशी गळ्यात हात अडकवून मिलच्या फाटकाशी जाऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी जयभीम, मग केसपेपर. भाऊ, मले वाचता येत नाही, जरा मोठ्यानं वाचून द्या. ट्रकवाल्यांनी वाचला, हमालांनी वाचला, तुरीचा सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्यांनीही वाचला. चौथ्या दिवशी समोरचा चहावाला कागद न पाहताच तोंडपाठ म्हणू लागला. कचेरीची नोटीस मिलमध्ये पोचली त्या सकाळी सेठ स्वतः बाहेर आले. तिनं त्यांच्याही हातात कागद दिला. ते पुटपुटले.

"मोठ्यानं वाचा, सेठ. मले ऐकू नाही आलं."

सेठनी वाचला. दुपारी मिलची गाडी मावशीला घेऊन अमरावतीला निघाली.

त्या दिवशी मी खोटं वाचलं, त्याबद्दल मावशी मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मला हलकं वाटलं असतं. ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं, कामावरची जखम म्हणून, मालकाच्या खर्चानं. हाताचा व्यायामही सहा महिने त्याच खर्चानं चालला. करंगळी तेवढी ताठ राहिली. मूठ वळते.